पुढच्या चाकाच्या आडोशाला

निपाणी सोडून बेळगावच्या वाटेला लागले की स्तवनिधीचा घाट येतो. रुंद झालेल्या महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्याला आज तो घाट म्हणून जाणवतही नाही. बोलण्याच्या ओघात चढ संपतो आणि गाडी संकेश्वरच्या दिशेने धावू लागते. परंतु ज्याने हा चढ एकदा तरी सायकलवरून पार केला आहे, त्याच्या पोटऱ्यांना तो जन्मभर लक्षात राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी याच भागातील एका शाळेत रोज सायकलने जात असे. आषाढात पश्चिमेचा वारा समोरून आला म्हणजे पायडल कितीही दाबले तरी सायकल जागची हलत नसे. अशा वेळी एखादा ट्रॅक्टर संथपणे पुढे निघाला की मी त्याच्या मागे सायकल घालीत असे. वारा एकाएकी थांबे. पाय हलके होत. पुढचा रस्ता मात्र दिसत नसे. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की मीही खड्ड्यात! आडोशाची ही किंमत त्या वयात फारशी वाटत नव्हती.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. त्याची आवश्यकताही नाही. आठवीत असताना त्याला सरकारी योजनेतील सायकल मिळाली होती. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून पुढे बरीच वर्षे आठवीच्या मुलामुलींना अशा सायकली दिल्या. त्या सायकलींनी आमच्या भागातील किती मुलींची शाळा टिकविली हे आम्हा शिक्षकांनाच ठाऊक. या मुलाच्या बाबतीत त्या सायकलीने दुसरेच काही केले. तिने त्याला वेग शिकविला. आता तो पहाटे घरोघर दूध घालतो, दुपारी शेतात राबतो आणि गावोगावच्या जत्रांत सायकलच्या शर्यती भरतात तेथे जुन्या बाजारातून घेतलेल्या शर्यतीच्या सायकलवर नशीब अजमावतो. दुसरा येतो, तिसरा येतो. पहिला येत नाही.

चैत्रातल्या जत्रेला पंधरा दिवस असताना तो दुधाची किटली ओट्यावर ठेवून घुटमळत उभा राहिला. म्हणाला, "सर, एक इचारायचं हुतं. शर्यतीच्या आदी एक सुई मारून घ्यायची, मग दम लागत न्हाई म्हणं. सगळीच घेत्यात. मी एकटाच न घेता पळालो तर मागंच ऱ्हाणार की. घेऊ का नको, तेवढं सांगा."

'नको' हा शब्द माझ्या ओठांवर तत्काळ आला. शिक्षकाच्या ओठांवर तो नेहमीच तयार असतो. परंतु त्याच्या प्रश्नातील 'सगळीच' या शब्दापाशी मी अडखळलो. का अडखळलो, ते पुढे सांगेन. त्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणालो, "संध्याकाळी ये. तुला एका सायकलवाल्याची गोष्ट सांगतो." मराठीच्या शिक्षकाला संतवाङ्मयाची गोडी असावी, सायकलच्या शर्यतींची नसावी, असे माझ्या सहकाऱ्यांचे मत आहे, तरी मला ती आहे. तीन संध्याकाळी मी त्याला जी हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

जर्मनीत ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावर मानहाइम नावाचे गाव आहे. सायकलच्या इतिहासात या गावाचे स्थान मोठे आहे. १२ जून १८१७ रोजी कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने याच गावातून दोन चाकांची एक लाकडी गाडी पायांनी जमीन मागे रेटीत चालविली होती. तिला पायडल नव्हते. पण एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस तोल सावरू शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. आपल्या जुन्या लोकांनी सायकलला 'पायगाडी' हे नाव दिले. ते ड्राइसच्या गाडीला तर फारच शोभून दिसते.

त्याच मानहाइममध्ये १८ मार्च १९३७ रोजी रुडी आल्टिग जन्मला. त्याचे बालपण महायुद्धात गेले आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले. थोरला भाऊ विली हा सायकलच्या शर्यतींत उतरला, त्याच्या मागोमाग रुडी उतरला, आणि दोघे भाऊ जोडीने बंदिस्त गोल मार्गावर शर्यती खेळू लागले.

हा गोल मार्ग म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना कल्पना असेल. एखाद्या खोलगट परातीच्या कडेने धावावे तसा हा मार्ग असतो. वळणावर तो भिंतीसारखा उभा चढलेला असतो, कारण त्या वेगात सपाट वळणावर सायकल बाहेर फेकली जाईल. या सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. पाय थांबवून सुखाने घरंगळण्याची सोय नाही. ना खड्डा, ना चढ, ना वारा. तेथील एक प्रकार पाठलागाचा. दोन स्वार मार्गाच्या समोरासमोरच्या बाजूंवर उभे राहतात आणि एकाच क्षणी सुटतात. प्रत्येकाने दुसऱ्याला गाठायचे; गाठता आले नाही तर ठरलेले अंतर कोणी कमी वेळात कापले ते पाहायचे. या प्रकारात कोणाच्या मागे लपता येत नाही. माणूस, त्याचा श्वास आणि घड्याळ यांखेरीज चौथे कोणी नसते.

आल्टिग या प्रकारात १९५९ साली आम्स्टरडॅम येथे हौशी स्वारांचा जगज्जेता झाला. १९६० साली त्याने व्यावसायिक खेळाडू म्हणून पाऊल ठेवले आणि त्याच वर्षी लाइपझिग येथे व्यावसायिकांचेही जगज्जेतेपद मिळविले. १९६१ साली झ्यूरिक येथे ते पुन्हा जिंकले. पाच किलोमीटरची ही धाव म्हणजे सुमारे सहा मिनिटांचा खेळ. पण त्या सहा मिनिटांत फुप्फुसांची जी परीक्षा होते ती तासनतास चालणाऱ्या शर्यतीतही होत नसेल.

आणि येथे आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट आहे. आल्टिग योगाभ्यास करीत असे! युरोपात योग हा शब्द फारसा कोणाच्या कानावर नव्हता अशा त्या काळात हा दांडगा जर्मन गडी शर्यतीपूर्वी, कधी भर क्रीडागृहात, शीर्षासन घालून स्वस्थ उभा राही. प्रेक्षक हसत, छायाचित्रकार धावत. त्याचे हे उलटे छायाचित्र युरोपभर प्रसिद्ध झाले. परंतु ते केवळ सोंग नव्हते. श्वासावर ताबा आणि मनावर ताबा, या दोन्हींसाठी तो अभ्यास होता. "म्हंजे आपल्या शाळंतल्या योगासनांवानी?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले. मी होय म्हणालो. आणि शाळेत असताना शीर्षासनाच्या तासाला तो नेमका कोठे दडी मारीत असे, याची त्याला आठवण करून दिली.

गोल मार्गावर आणखी एक प्रकार असे, सहा दिवसांच्या शर्यतीचा. दोघादोघांच्या जोड्या असतात. एक धावत असता दुसरा वरच्या कडेने सावकाश फिरत विसावा घेतो. पाळी बदलताना धावणारा स्वार जोडीदाराचा हात धरतो आणि आपला सगळा वेग त्या झटक्यात त्याला देऊन टाकतो. पाहणाऱ्याला वाटते की एकाने दुसऱ्याला गोफणीतून सोडले. आल्टिगने अशा वीसहून अधिक शर्यती जिंकल्या. आपला वेग दुसऱ्याच्या हाती देण्याची ही विद्या त्याला पुढे रस्त्यावर कशी उपयोगी पडली, ते आता पाहू.

रस्त्याच्या शर्यतीचे शास्त्र अगदी वेगळे. तेथे वारा हाच मुख्य शत्रू. पुढच्याच्या चाकाला चाक लावून जाणाऱ्याचे श्रम पुष्कळ वाचतात. मी ट्रॅक्टरमागे शिकलो ते हेच. म्हणून तेथे संघ असतात. संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याचे सेवक. सेवकांनी वारा अंगावर घ्यायचा, नायकाला आडोसा द्यायचा, प्रसंगी आपली सायकलही त्याला देऊन टाकायची. १९६२ साली आल्टिग ज्या संघात दाखल झाला त्याचा नायक होता फ्रान्सचा जाक आंक्तील, त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार. फ्रान्सची महाशर्यत त्याने दोनदा जिंकलेली होती, इटलीचीही जिंकलेली होती. स्पेनची तेवढी राहिली होती आणि तीच जिंकण्यासाठी तो त्या वसंतात स्पेनला आला होता.

सेवकाने काय करावे? आल्टिग चांगला धावत राहिला आणि एकूण वेळेत सर्वांच्या पुढे गेला. शेवटी एकेकट्याने धावायचा ८२ किलोमीटरचा टप्पा आला. येथे आडोसा नाही, संघ नाही. हा प्रकार तर आंक्तीलच्या हातखंड्याचा. सर्वांनी मानले की नायक येथे आपले स्थान परत घेणार. परंतु पाठलागाच्या शर्यतींत तयार झालेला तो जर्मन एका सेकंदाने आंक्तीलच्याही पुढे गेला. दुसऱ्या दिवशी आंक्तील आजारपणामुळे धावलाच नाही. स्पेनची महाशर्यत जिंकणारा पहिला जर्मन म्हणून रुडी आल्टिगचे नाव लागले. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या महाशर्यतीत मात्र आंक्तील विजयी झाला आणि टप्प्याटप्प्यांच्या गुणांची हिरवी जर्सी आल्टिगने मिळविली. एका संघात दोन सिंह राहिले, पण दोघांनी एकमेकांना खाल्ले नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस इटलीत बेर्गामो येथे जोडीने धावायची एक प्रतिष्ठेची शर्यत होती. अंतर १११ किलोमीटर, म्हणजे बेळगावहून कोल्हापूर गाठण्याइतके. जोडी आंक्तील आणि आल्टिग यांची. जग म्हणाले, आता यांना कोण हरविणार? पण त्या दिवशी आंक्तीलच्या अंगात बळ नव्हते. शर्यत उत्तरार्धात शिरली आणि तो मागे पडू लागला. नियम असा की जोडीची वेळ धरायची ती दुसऱ्या स्वाराची. एकटा पुढे जाऊन उपयोग नाही. आल्टिग पुढे राहून वारा अंगावर घेई. मागे वळून पाही तो जोडीदार दूर राहिलेला. मग तो वेग कमी करी, त्याच्या बाजूला येई, पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकली, ओरडून त्याला जागे ठेवी आणि पुन्हा पुढे होऊन वारा तोडू लागे. असे कितीदा झाले याची गणती नाही. गावात शिरून शेवटच्या गोल मार्गाच्या दाराशी दोघे आले, तेव्हा आंक्तीलला वळण घेण्याचीही शुद्ध उरली नव्हती. तो सरळ जाऊन आदळला आणि रक्तबंबाळ झाला. वेळ दाराशीच मोजली जात होती. नऊ सेकंदांनी ती जोडी जिंकली.

मला विचाराल तर आल्टिगच्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत मोठा दिवस हाच. सहा महिन्यांपूर्वी ज्याला त्याने एका सेकंदाने हरविले होते त्यालाच त्याने त्या दिवशी हाताने ढकलीत विजयापर्यंत आणले. जिंकण्याची ही रीत आमच्या शाळांच्या क्रीडामहोत्सवात शिकविता आली तर!

यानंतरची वर्षे भरभराटीची. १९६४ साली बेल्जियममधील फ्लँडर्सची शर्यत त्याने जिंकली, तीही सर्वांना मागे टाकून एकट्याने. १९६५ साली स्पेनमध्ये जगज्जेतेपदाच्या शर्यतीत शेवटी दोघेच पुढे उरले: आल्टिग आणि इंग्लंडचा टॉम सिम्पसन. दोघेही १९३७ सालचे. अखेरच्या झेपेत सिम्पसन पुढे गेला. रस्त्यावरील व्यावसायिकांचे जगज्जेतेपद मिळविणारा तो पहिला इंग्रज. १९६६ साली हीच स्पर्धा जर्मनीत न्युर्बुर्गरिंग येथील मोटारशर्यतींच्या डोंगराळ मार्गावर भरली. त्या चढउतारांच्या मार्गाचे बारा फेरे, सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. निपाणीहून निघावे आणि थेट पुण्यात उतरावे एवढे. घरच्या प्रेक्षकांसमोर आल्टिग जिंकला. दुसरा आला आंक्तील आणि तिसरा आंक्तीलचा फ्रान्समधील कायमचा प्रतिस्पर्धी रेमों पुलिदोर.

येथवर सांगून झाले तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकत होते. मला येथेच थांबता आले असते. पुष्कळ चरित्रकार अशाच जागी थांबतात. परंतु त्याचा प्रश्न या वळणाच्या पुढे होता.

त्या काळी सायकलच्या शर्यतींत उत्तेजक औषधे घेणे ही गुपचूप करावयाची गोष्टही राहिली नव्हती. अँफेटामिन नावाचे द्रव्य होते. ते बळ देत नाही. थकवा आल्याची जाणीव तेवढी मारते. शरीर 'आता पुरे' असे सांगत असते आणि ते ऐकणारा कान बंद झालेला असतो. फ्रान्सने १९६५ साली याविरुद्ध कायदा केला. १९६६ सालच्या फ्रान्सच्या महाशर्यतीत बोर्दो येथे प्रथमच स्वारांची तपासणी झाली, तर दुसऱ्या दिवशी स्वारांनी सायकलवरून उतरून काही अंतर पायी चालत निषेध केला. त्याच वर्षी आल्टिगने ती जगज्जेतेपदाची शर्यत जिंकली, आणि तिच्यानंतर तपासणीला जाण्याचे पुढच्या अनेक स्वारांनी टाळले. त्यांत तो स्वतः होता. शिक्षा जाहीर झाली आणि मागेही घेतली गेली.

आल्टिग या बाबतीत लपवाछपवी करणारा नव्हता. आपण व्यावसायिक आहोत, शरीर हे आपल्या धंद्याचे साधन आहे, त्याचे काय करावे ते आपण ठरवू, अशी त्याची उघड भूमिका होती. लोकांनी त्याला 'सायकलवरील औषधालय' असे नाव ठेवले. शीर्षासन घालून श्वासावर ताबा मिळविणारा माणूस आणि हे नाव मिरविणारा माणूस एकच होता! चरित्रे अशीच असतात. आपण त्यांतील एक अर्धा भाग भिंतीवर टांगतो आणि दुसरा पेटीत ठेवतो.

मग १९६७ साल उजाडले. १३ जुलै रोजी फ्रान्सच्या महाशर्यतीत मों व्हांतू या उघड्याबोडक्या पर्वताचा चढ होता. एकोणीसशे मीटर उंचीचे शिखर, वर झाडाचे पानही नाही, आणि भयंकर ऊन. टॉम सिम्पसन शिखराच्या थोडा अलीकडे झोकांड्या खाऊ लागला आणि पडला. त्याला पुन्हा सायकलवर बसविण्यात आले. थोड्या अंतरावर तो पुन्हा पडला, तो उठला नाही. एकोणतीस वर्षांचे वय. त्याच्या जर्सीच्या खिशात त्या द्रव्याच्या गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. रक्तातही ते द्रव्य आढळले. ऊन होते, चढ होता, मद्याचाही अंश होता. पण 'पुरे' म्हणणारा आवाज ऐकू न येणे हे त्यात मुख्य. दोन वर्षांपूर्वी एकाच झेपेत अंतिम रेषेकडे धावलेल्या त्या दोघांपैकी एकाचे सारे तेथेच संपले.

दुसरा धावत राहिला. १९६८ साली आल्टिगने इटलीतील मिलान ते सान रेमो ही मोठी शर्यत जिंकली. १९६९ साली फ्रान्सच्या महाशर्यतीच्या आरंभी त्याने उगवत्या एडी मर्क्सलाही काही सेकंदांनी मागे टाकले; आणि त्याच महाशर्यतीत तपासणीत दोषी ठरून वेळेचा दंडही भोगला. त्या महाशर्यतीचे आठ टप्पे आणि पिवळ्या जर्सीचे अठरा दिवस आज त्याच्या नावावर आहेत. १९७१ च्या सुमारास तो निवृत्त झाला. पुढे प्रशिक्षक झाला, शर्यतींचे समालोचन करू लागला, आणि ११ जून २०१६ रोजी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी वारला. त्याच्या गावातून ती पहिली पायगाडी निघाल्याला दुसऱ्या दिवशी बरोबर एकशे नव्व्याण्णव वर्षे होत होती.

तिसऱ्या संध्याकाळी गोष्ट संपली. मला वाटले, सिम्पसनच्या मरणाने काम केले असेल. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे सर, त्यो इंग्रज मेला, पर ह्यो घेऊनबी एकोणऐंशी वर्सं जगलाच की."

वाचकहो, तीस वर्षांच्या अध्यापनात मला इतके अचूक उत्तर क्वचितच मिळाले असेल. भीती दाखवून मी त्याला वळवू पाहत होतो आणि त्याने माझ्या भीतीचा अर्धा आधार काढून घेतला होता. खरेच, सगळे मरत नाहीत. पुष्कळ जण जिंकतात, मान मिळवितात, म्हातारे होतात. केवळ मृत्यूच्या भयावर सचोटी उभी राहत असेल तर ती भय संपताच पडणार.

तेव्हा मी त्याला ती गोष्ट सांगितली जिच्यामुळे मी पहिल्याच दिवशी 'सगळीच' या शब्दापाशी अडखळलो होतो. ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मी तरुण शिक्षक होतो. एका शाळेत खेळांची जबाबदारी माझ्यावर होती. तालुक्याच्या स्पर्धांत पंधराशे मीटरच्या धावेसाठी आमच्या शाळेतून एक मुलगा उतरला. त्याचे वय गटाच्या मर्यादेहून दोन वर्षांनी अधिक आहे, हे मला ठाऊक होते. दाखल्यावर तारीख वेगळी होती. ती मी बदललेली नव्हती, पण यादीखाली सही माझी होती. मनात आले, बोलावे. मग मनात आले, सगळ्याच शाळा असे करतात. आपण एकट्यानेच सरळ राहून मुलांचे नुकसान का करावे? धाव झाली. आमचा मुलगा पहिला आला. दुसरा आला तो एका लहानशा खेड्यातील शाळेचा, अनवाणी धावलेला. जिल्ह्याच्या स्पर्धेला एकच जाणार होता. शर्यत संपल्यावर तो मुलगा मैदानाच्या कडेला खाली मान घालून बसला होता आणि त्याचे शिक्षक त्याच्या पाठीवरून हात फिरवीत होते. मी तिकडे पाहण्याचे टाळले. आम्हाला ढाल मिळाली. कार्यालयातील काचेच्या कपाटात ती ठेवण्यात आली. त्या शाळेत होतो तोवर रोज सही करण्यासाठी त्या कपाटासमोर उभा राहिलो, आणि ढाल माझ्याकडे पाहत राहिली. पुढे माझी बदली झाली. ढाल अजून तेथेच असेल.

मी मेलो नाही. मला शिक्षाही झाली नाही. मुख्याध्यापक झालो. परंतु क्रीडामहोत्सवाच्या दिवशी 'खेळ जिंकण्यासाठी नसतो' हे वाक्य उच्चारताना दरवर्षी माझा आवाज किंचित खाली येतो, हे माझे मला ठाऊक आहे. 'सगळेच करतात' हा पुढच्या चाकाचा आडोसा आहे. त्यात वारा लागत नाही, श्रम वाचतात, आणि माणूस अंतर कापीत जातो. मात्र आपण कोठे चाललो आहोत ते त्याला पुढचे चाक सांगते, त्याचे डोळे नव्हे.

मुलाने सगळे ऐकून घेतले. किटली उचलली. ओट्याच्या पायरीवर थांबून म्हणाला, "सर, त्या जर्मनाचं तीन दिस सांगण्यापरास ह्या ढालीचंच आदी सांगायचं हुतं."

त्याचे म्हणणे खरे होते. पण वाचकहो, ढालीपर्यंत पोहोचायला मला त्या जर्मनाच्या मागूनच यावे लागले. एकदम समोरचा वारा अंगावर घेण्याचे बळ माझ्यात नव्हते.

जत्रेतील शर्यत झाली. मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी किटली वाजली. मी दार उघडले. विचारायचे धैर्य होईना. दूध मापून घालता घालता तोच म्हणाला, "पाचवा आलो, सर. दम लई लागला." आणि जरा थांबून, "शेवटच्या चढाला एक बारकं पोरगं मागं पडत हुतं. त्याला म्हटलं, लाग माझ्या चाकाला."

त्याने सुई घेतली होती की नाही, हे मी विचारले नाही. 'दम लई लागला' या तीन शब्दांत मला माझे उत्तर मिळाले होते.